गुडघ्याच्या उंचीवरचे गुरू

जुईनगरच्या आमच्या चार मजली बिल्डिंगला लिफ्ट नाही, पण जिन्याच्या कोपऱ्यांत पानाच्या पिचकाऱ्या भरपूर. मी सेक्रेटरी झालो आणि सगळीकडे करतात तोच उपाय केला, वळणावळणावर देवाधर्माच्या टाइल्स. फक्त मी जरा जास्त उत्साही. दुकानातून सगळ्याच धर्मांचे गुरू उचलून आणले. ध्यानाला बसलेले, क्रुसावरचे, हात उंचावून आशीर्वाद देणारे. जिथे चित्र चालत नाही तिथे मशिदीचा घुमट.

गवंड्याने विचारलं, "किती उंचीवर लावू?"

"थुंकतात तिथे."

त्याने तसंच केलं. सगळे गुरू गुडघ्याच्या उंचीवर बसले. बायको म्हणाली, "आता नमस्काराला कमरेचा पट्टा लावून जायचं का?"

पण थुंकणं थांबलं. चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आंटी भाजीची पिशवी घेऊन चढताना क्रुसाच्या वळणावर पायरीवर टेकायच्या. दम खाता खाता त्याच्याशी बोलायच्या. आमच्याशी बोलत त्यापेक्षा जास्तच.

मग कमिटी बदलली, माझं पद गेलं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये नवे अध्यक्ष म्हणाले, "आपल्या टाइल ठेवू, बाकीच्या काढू."

मागून आंटीच म्हणाल्या, "काढा ना. माझ्यामुळे भांडण नको."

ते मला झोंबलं. म्हटलं, "अध्यक्ष, यांतल्या प्रत्येकाने एकच सांगितलंय. वर जो बसलाय त्याच्यावर विश्वास ठेवा, शेजाऱ्याला माणूस समजा. इतके दिवस एका जिन्यात राहतायत, एकाने तरी दुसऱ्याची तक्रार आणली माझ्याकडे?"

"टाइल बोलत नाय."

"म्हणून तर तुमच्यापेक्षा बऱ्या."

त्यांनी लगेच ठराव मताला टाकला. मला अजून बोलायचं होतं म्हणून मी हात वर केला, तर तो ठरावाच्या बाजूने मोजला. एकमताने मंजूर.

रविवारी कामगार छिन्नी-हातोडा घेऊन आला. सुरुवात क्रुसापासून. मी टाइलला पाठ लावून पायरीवर बसलो.

अध्यक्ष म्हणाले, "उठा. हात तुम्हीच वर केला होता."

"केला होता. आता बूड खाली टेकलंय, ते मोजा."

"पोलिसांना बोलवू?"

"बोलवा. त्यांच्यातही कुणी ना कुणी यातल्या एकाला मानत असेलच."

आवाज ऐकून आंटी खाली आल्या. "उठा भाऊ. मी सांगते ना, काढू द्या."

"तुम्ही सांगा, नाहीतर अध्यक्षांना सांगू दे. मी उठत नाही."

त्यांनी कठडा धरला. अध्यक्षांकडे पाहिलं, छिन्नीकडे पाहिलं.

"मग सरका थोडं," म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

कामगाराने विचारलं, "साहेब, या दोघांसकट फोडू?"

अध्यक्ष कामगाराला घेऊन खाली उतरले. टाइल्स आहेत तिथेच आहेत, सगळ्या. त्या दिवशी फक्त मला उठवायला दोन माणसं लागली. पायाला मुंग्या आल्या होत्या.