सात सह्या

चंद्रभान हा सज्जन माणूस आहे, असं आमच्या गावात कोणीही सांगेल. तो स्वतःही सांगतो. पवनारच्या खाली, धामच्या काठाला आमचं भाजीपाल्याचं गाव. नदीवर मोटारी बसवून पाणी उचलायचं आणि पाळीनं प्रत्येकाच्या वावरात सोडायचं, यासाठी शेतकऱ्यांची पाणी वापर संस्था आहे. मी, प्रेमदास, तिचा सचिव. म्हणून जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि त्यातलं काही माझ्या हातानं झालं.

एकोणीस वर्षं तानबाजी अध्यक्ष होते. फटकळ माणूस. पण पाणी आधी नळीच्या शेवटच्या टोकाला आणि मग मोटारीजवळच्यांना, हा त्यांचा नियम कधी मोडला नाही. चंद्रभानची विहीर आटली, त्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःची पाळी सोडून त्याची मिरची जगवली होती. त्याच्या बायकोचं, पंचफुलाचं, स्थळही त्यांनीच त्याला आणलं होतं.

त्यांना काढायचं भूपेंद्रच्या डोक्यात आलं. भूपेंद्रचं बियाण्याचं दुकान आहे आणि मोटारीजवळ चार एकर वावर. तानबाजी त्याला पाळीबाहेर पाणी देत नव्हते, एवढंच त्याचं दुखणं. पण त्याच्या तोंडून हे कोणी ऐकलं नसतं. त्याला चंद्रभानसारखं तोंड हवं होतं. तो रोज संध्याकाळी चंद्रभानच्या ओसरीवर येऊन बसू लागला. तानबाजी आता म्हातारे झाले, उद्या जावयाला, राकेशला, मोटारीवर बसवतील, मग संस्था घरची होईल, असं सांगू लागला. राकेशला बसवलेलं नव्हतं. बसवणार असं तानबाजी कधी बोललेही नव्हते. चंद्रभान आठ दिवस विचारात होता, जेवत नव्हता म्हणे. नवव्या दिवशी त्याला पटलं की माणूस काय करतो यापेक्षा उद्या काय करेल हे बघायला हवं. अशा विचाराला तो तत्त्व म्हणतो.

अकरा जणांच्या कमिटीत सात सह्यांनी अविश्वास आला. सातवी सही माझी. सगळे करत होते म्हणून मी केली, यापेक्षा चांगलं कारण माझ्याकडे नाही. तानबाजींनी कागद वाचला, चंद्रभानच्या सहीवर बोट ठेवलं, आणि किल्ल्या टेबलावर ठेवून निघून गेले. चंद्रभान अध्यक्ष झाला, भूपेंद्र उपाध्यक्ष. पहिल्याच सभेत चंद्रभाननं स्वच्छ कारभारावर अर्धा तास भाषण केलं.

एप्रिल आला. भूपेंद्रनं आपल्या साळ्याच्या, किशोरच्या कोबीला सलग सहा दिवस पाणी सोडलं. शेवटच्या टोकाला कोकिळाबाईंची वांगी उभ्या उभ्या वाळली. त्या एक वाळलेलं झाड मुळासकट घेऊन आल्या आणि चंद्रभानच्या पायरीवर ठेवून गेल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारीच्या खोलीत दोघं समोरासमोर आले. मी तिथंच वही लिहीत होतो. तोवर ते एकमेकांना भाऊ आणि तुम्ही म्हणत.

"आपण तानबाजीले कायले काढलं?" चंद्रभान म्हणाला. "जावयाले पाणी देतीन म्हून. त्यायनं देल्लं नोतं. तू साळ्याले देल्लं."

भूपेंद्र हसला. "अन् सह्या कोनं आनल्या? तू त आंघोळ करून घरी बसला होता. चौघाले म्या पाळीचा शब्द देल्ला, तवा सह्या आल्या. तू विचारलंच नाई. विचारलं असतं त अध्यक्ष व्हता आलं नसतं."

"मले माईत नोतं."

त्याला माहीत होतं. चौघांचं मीच सांगितलं होतं, सह्यांच्या आदल्या दिवशी. त्यानं तेव्हा खिडकीबाहेर पाहिलं होतं आणि आताही तो माझ्याकडे पाहायचं टाळत होता. मी वहीत मान घातली.

मग बराच वेळ ते भांडले. एकानं दुसऱ्याला लबाड म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला ढोंगी. दोघंही खरं बोलत होते. भूपेंद्र राजीनामा देतो म्हणाला, आणि तिथं चंद्रभानचा आवाज उतरला. भूपेंद्रची चार मतं गेली तर खुर्ची जाते, हा हिशेब सज्जनालाही येतो. तो खाली बसला आणि हळूच म्हणाला, "पंचफुला गिरडले गेली, भावाकडं. ज्या घरानं तानबाजीले काढलं त्या घरात राहात नाई म्हनते. महिना झाला."

ती गेल्याचं त्यानं गावात कोणाला कळू दिलं नव्हतं. भूपेंद्रला खरंच वाईट वाटलं. त्यानं चंद्रभानच्या खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. बायकोच्या जाण्याचाही चंद्रभानला उपयोग करता आला, हे मी पाहिलं. कोकिळाबाईंची वांगी त्या चहात बुडाली.

चहा घेता घेता चंद्रभान म्हणाला, आता सर्वसाधारण सभा घेऊ, एकदा सगळ्यांसमोर कौल घेतला की तोंडं बंद होतील. भूपेंद्रनं अडवलं. पावसाळा लागू दे, पाण्याची गरज संपली की लोक विसरतात, असं त्याचं म्हणणं. ते बरोबर होतं. पण चंद्रभान म्हणाला, लोक माझ्याकडं पाहून मत देतील. नुकतंच मनोमिलन झालेलं, म्हणून भूपेंद्रनं ऐकलं.

सभेला तानबाजी आले. भाषण केलं नाही. "जावयाले म्या एक बी पाळी जास्त देल्ली असन, त हात वर करा," एवढंच म्हणाले. कोणाचा हात वर झाला नाही. मग शब्द दिलेल्या चौघांतला एक उठला आणि आपल्याला पाळी मिळाली नाही म्हणून सगळं सांगून बसला. बासष्टपैकी नऊ मतं चंद्रभान-भूपेंद्रला पडली. तानबाजींनी पुन्हा अध्यक्ष व्हायला नकार दिला, तेव्हा लोकांनी कोकिळाबाईंना बसवलं. मला सचिव म्हणून त्यांनी ठेवलं. वही नीट लिहितो म्हणाल्या, याहून जास्त काही नाही.

भूपेंद्र दुकानात बसतो, रामराम घालतो, बियाणं विकतो. तो लबाड आहे आणि तसं असल्याची त्याला लाज नाही. त्याच्याशी बोलणं सोपं जातं. पंचफुला पावसाळ्याआधी परतली. येताना आधी तानबाजींच्या घरी उतरली, मग स्वतःच्या.

परवा चंद्रभान बांधावर भेटला. भूपेंद्रनं घात केला नसता तर गावाचं सोनं झालं असतं, असं सांगत होता. मी विचारलं, तानबाजींकडे जाऊन आलात का.

"म्या काऊन जाऊ?" तो म्हणाला. "म्या त गावासाठी केलं."

त्यानं चहाला थांब म्हटलं. मी नको म्हणून निघालो.