खंदकातली विहीर

आमच्या गावाचा इतिहास कुणालाही विचारा, तो राजापासून सुरू होतो. अमक्या राजानं नदीकाठी किल्ला बांधला, तमक्या सुलतानानं तट वाढवला, खंदक खोदला. जसं काही राजा स्वतःच डोक्यावर टोपलं घेऊन उतरला होता. असलं काही वाचलं की आजही माझं डोकं फिरतं. सगळ्यात जास्त राग मला माझाच येतो, कारण त्यातली चार पानं मी लिहिली आहेत.

मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी नववीत होतो. नदीत नुसती वाळू उरली होती. लोकांच्या हाताला काम म्हणून सरकारनं किल्ल्याच्या खंदकातला गाळ काढायला लावला. बाप दम्यानं अंथरुणाला खिळलेला, म्हणून त्याची कुदळ मायनं उचलली. बाकीच्या बाया टोपली वाहायच्या, ही खणायची. तिला बघून मुकादम हसायचा. एक दिवस तटाच्या पायथ्याशी तिच्या कुदळीला दगडी पायऱ्या लागल्या आणि त्या पायऱ्यांखाली गाळानं बुजलेली विहीर निघाली. आमच्या बौद्धवाड्यातल्या माणसांनी ती आठ दिवस उपसली. नवव्या दिवशी झरा फुटला, तोही मायच्याच कुदळीखाली.

ज्याच्या हाताला पाणी लागतं त्याला पहिली ओंजळ द्यायची, ही आमच्या भागातली रीत. पाटील आले, नारळ फुटला आणि मुकादम म्हणाला, "आता तुमच्या वाड्यातली माणसं वर या." पहिली ओंजळ पाटलांच्या थोरल्या लेकानं घेतली. मायला लांब बसवलं आणि वरून तांब्यानं धार धरली. स्वतः खणून काढलेलं पाणी ती दुसऱ्याच्या तांब्यातून, ओंजळ तोंडाला लावून प्यायली. त्या दिवसापासून विहिरीच्या पायऱ्या आम्हाला बंद झाल्या. कुणी ब्र काढला नाही. मीही नाही.

पुढं लातूर जिल्हा झाला. गावोगाव कमानी उभ्या राहिल्या, गुलाल उधळला गेला. आमच्या गावानं स्मरणिका काढायचं ठरवलं. मी तेव्हा मुरूडकडच्या एका शाळेत हंगामी मास्तर होतो. हात लिहिता, म्हणून गावाचा इतिहास माझ्याकडे आला. मायला हे सांगितलं तर ती म्हणाली, "इहिरीचं लिव्हशील का रं? पाणी कुणाच्या हाताला लागलं, तेवढं लिव्ह." जन्मात तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं.

मी लिहिलं, नाव घालून लिहिलं. मग स्मरणिकेच्या समितीतले एक बुजुर्ग मला चहाला घेऊन गेले. "लेख झकास झालाय, सर," ते म्हणाले. "ते विहिरीचं तेवढं काढा. आनंदाचा प्रसंग आहे, जुनं कशाला उकरून काढायचं? तुम्हाला कायम करायचंय, त्याचंही मी बघतोय." एवढ्या गोड आवाजात माणूस दुसऱ्याच्या आईला पुसून टाकू शकतो. पण पुसलं मी. खिशातलं पेन काढून तिथंच खोडलं आणि वर लिहिलं, 'गावकऱ्यांनी एकजुटीने जुनी विहीर उपसली.' एकजुटीनं म्हणे. हा शब्द लिहिताना माझा हात झडला कसा नाही, कोण जाणे.

स्मरणिका घरी नेली. मायनं हात धुतले, पदराला पुसले आणि समोर बसली. "वाच," म्हणाली. त्या जागी आल्यावर छापलेलं सोडून मी खोडलेलं वाचलं. तिचं नाव, कुदळ, झरा, सगळं. तिनं बोट पुढं केलं. "कुठं हाय ते?" मी तिचं बोट धरलं आणि पानावर कुठंतरी टेकवलं.

ती स्मरणिका तिनं ट्रंकेत लुगड्यात गुंडाळून ठेवली. घरी पाहुणा आला की काढायची आणि बरोब्बर त्याच जागी बोट ठेवायची. "हे मी हाय." शिकलेले पाहुणे ती ओळ वाचायचे, माझ्याकडं बघायचे आणि चहा प्यायचे. अशी कितीतरी वर्षं गेली आणि माझी मुलगी वाचायला शिकली. एकदा तिनं आजीच्या बोटाखालची ओळ मोठ्यानं वाचली, 'किल्ल्याला एकूण तीन दरवाजे आहेत.'

माय माझ्याकडं बघत राहिली. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, "ल्हान हाय, चुकली आसंल वाचायला."

तिनं पान मिटलं. त्यानंतर ते तिनं कुणालाच दाखवलं नाही.