सात नंबरचा शिक्का

सुनीती तांबेला ॲम्प्लिफायरचं झाकण न उघडता आतलं दुखणं कळायचं. रबाळ्याच्या कारखान्यात ती चौऱ्याऐंशी साली लागली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. माणगावकडून मावशीकडे राहायला आलेली, आणि रेडिओचे सेल बदलण्यापलीकडे यंत्रातलं काही न येणारी. तिला शिकवलं सुपरवायझर मानसिंगराव निकमांनी. साताऱ्याकडचा माणूस, जाड भिंगांचा चष्मा, हातात सतत तारांच्या जोडाला डाग द्यायची तापलेली कावी.

"डोळं मीट, पोरी," ते म्हणायचे. "आता झाकणावर तळवा ठेव. काय जाणवतंय?"

सहा महिन्यांत तिला जाणवायला लागलं. कुठला ट्रान्झिस्टर तापतोय, कुठे डाग कच्चा राहिलाय, उजव्या बाजूचा आवाज डावीपेक्षा किती केसभर मागे आहे. त्या काळी हौशी माणूस गाणं ऐकायला सगळं सुटं सुटं घ्यायचा: रेकॉर्ड प्लेअर वेगळा, टेप वेगळा, दोन स्पीकर वेगळे. या सगळ्यांना जोडणारी मधली पेटी म्हणजे ॲम्प्लिफायर. बाहेरून सागवानी दिसणारी लाकडी चौकट, पुढे ॲल्युमिनियमची चकचकीत पट्टी, पट्टीवर जड गोल बटणं. वाशीच्या नव्या फ्लॅटांत शोकेसच्या मधल्या खणात ती पेटी ठेवलेली असायची, वर क्रोशाचा रुमाल.

तपासणीच्या टेबलावर चार बायका होत्या. प्रत्येकीला एक रबरी शिक्का. सुनीतीचा सात नंबरचा. पेटी तासभर चालवून, ऐकून, हात लावून बघायची आणि ठीक असेल तर मागच्या पत्र्यावर शिक्का मारायचा. सातचा शिक्का असलेली पेटी परत येत नाही, असं डीलर लोक बोलायचे. हे ऐकून ती घरी नवऱ्याला, अंकुशला, दोनदा सांगायची. अंकुश वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात मालाच्या तोलाईचं काम करायचा. तो हसून म्हणायचा, "अगं, काट्यावरचा माझा हात पण कोणी परत पाठवला नाय."

एक्क्याण्णव साली कंपनीनं 'राजहंस' नावाचं मॉडेल काढलं. बाजारात तोवर सगळं एकाच डब्यात असलेले जपानी सेट येऊ लागले होते आणि कंपनीच्या मालकांना, शेठना, काहीही करून स्वस्तात टिकायचं होतं. पहिला राजहंस सुनीतीच्या टेबलावर आला. तिनं तो चालू केला आणि तळवा ठेवला.

आतून गुरगुर येत होती. गाण्याची नव्हे. स्पीकरचा आवाज शून्यावर होता, तरी ती येतच होती. खोल, एकसुरी, ओठ न उघडता कोणी घुमत राहावं तशी. तासाभरानं झाकणाचा पत्रा हात टिकणार नाही इतका तापला. करपल्या कागदाचा बारीकसा वास आला. सुनीतीनं पेटी बाजूला ठेवली. दुसरी घेतली. तीही तशीच. संध्याकाळपर्यंत तिच्यामागे अकरा पेट्या रांगेनं उभ्या होत्या आणि एकीवरही शिक्का नव्हता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिनं काशीला गाठलं. काशी बोनकोड्याची, ट्रान्सफॉर्मर गुंडाळायच्या खात्यात. डबा उघडता उघडता ती म्हणाली, "तुला आता कल्ला? तारांच्या दोन थरांमंदी आमी तीन कागद घालीत होतो. आता येकच घालाचा हुकूम हाय. तारपन बारीक आनलीय. मी बोल्ले, ह्यो जलंल. तर बोलतान, तू गुंडाल."

"आणि वायरीत तिसरी तार नाही, बघितलंस? अर्थिंगची?"

"तीपन काडली."

सुनीतीनं आपला डबा तसाच बंद केला. आतला कागद जळला की भिंतीतला करंट सरळ लोखंडाला लागणार, लोखंडातून पट्टीला, पट्टीतून बटणांना. तिसरी तार नसल्यावर तो करंट जाणार कुठून? बटण फिरवणाऱ्याच्या अंगातून.

ती मानसिंगरावांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. नवल वाटल्याचं काही दाखवलं नाही, आणि तिथंच सुनीतीला भीती वाटली.

"मी वर सांगितलंय," ते म्हणाले. "दोनदा सांगितलंय."

"मग?"

"मग काय. चार दिसांत दुसरा ट्रान्सफॉर्मर येनार म्हंत्यात."

दुसरा आला नाही. सुनीती राजहंस नापास करत राहिली. आठव्या दिवशी मानसिंगराव तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चष्मा काढून शर्टाला पुसत राहिले.

"सुनीती, असं कर. तू जेवायला जा. शिक्का हितंच ठेव."

तिनं शिक्का हातात घेतला.

"तू मारू नगंस. कुनी मारला तर तुझ्यावर न्हाई. तू फक्त जेवायला जा."

त्या वेळी तिचा मुलगा शिवतेज दोन वर्षांचा होता आणि अंकुशच्या पाठीत चमक भरून तो तीन आठवडे घरी बसला होता. हे कारण तिनं पुढे स्वतःला अनेकदा दिलं. शिक्का खिशात टाकून जाता आलं असतं. तो लहान होता, मुठीत मावणारा. तिनं तो शाईच्या डबीवर ठेवला आणि डबा घेऊन निघून गेली. परत आली तेव्हा बाजूच्या पेट्या गेलेल्या होत्या, आणि शाईच्या डबीचं झाकण उघडं होतं.

असं पाच महिने चाललं. ती घरून आणलेल्या वहीच्या कागदावर नंबर लिहून ठेवायला लागली. कुठल्या नंबरच्या पेट्या टेबलावर आल्या आणि तिच्या जेवणाच्या वेळात गेल्या. दोनशे अठरा झाल्या.

ब्याण्णवच्या मे महिन्यात काशीच्या भावाचं लग्न ठरलं. कंपनी कामगारांना निम्म्या किमतीत पेट्या द्यायची. काशीच्या भावानं कोणाला न विचारता एक राजहंस घरी नेला. काशीला हे हळदीच्या आदल्या दिवशी कळलं आणि ती म्हणाली, एक दिवस वाजवू दे, मग मी काढून ठेवते.

हळदीच्या सकाळी सुनीती बोनकोड्याला पोचली तेव्हा दारात मांडव होता, बायका भाकऱ्या थापत होत्या आणि आत गाणी चालू होती. उंबऱ्यात पाय टाकताच तिनं ती गुरगुर ऐकली. गाण्याखाली, बायकांच्या बोलण्याखाली. बाकी कोणाला ती ऐकू येत नव्हती. फरशी नुकतीच धुतली होती, पाणी अजून दाराकडे ओघळत होतं. काशीची आई राजाबाई मासळी धुवून उठली, ओले हात लुगड्याला पुसले न पुसले, आणि "कवरा आवाज केलाय मेल्यांनी" म्हणत पेटीकडे गेली.

"आई, हात लावू नका!" सुनीती ओरडली.

राजाबाईंनी वळून पाहिलं, पण हात पुढे गेलेला होता. त्यांचा आवाज निघालाच नाही. बोटं बटणाभोवती आवळली गेली आणि सगळं अंग बारीक थरथरत तिथंच उभं राहिलं. गाणं चालूच होतं. एका बाईला वाटलं म्हातारी नाचतेय, ती हसली. सुनीतीनं भिंतीवरचा खटका पाडला. राजाबाई खाली कोसळल्या.

त्या जगल्या. पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी राहिली, आणि पुढे घरात कोणी दिवा लावला तरी त्या दचकायच्या.

दुसऱ्या दिवशी सुनीतीनं काम सोडलं. जाताना शेठच्या केबिनसमोर उभी राहून सगळ्यांच्या देखत सांगितलं की या पेट्या लोकांच्या घरातून परत मागवा. शेठ फोनवर बोलत होते. त्यांनी हातानं थांब अशी खूण केली आणि बोलतच राहिले. मानसिंगराव मान खाली घालून उभे होते. गेटपाशी ते मागून आले आणि डीलरांच्या नावांचा कागद तिच्या पिशवीत सरकवला.

"माझं नाव घिऊ नगंस," एवढंच म्हणाले.

तेव्हापासून सुनीतीचं दुसरं आयुष्य सुरू झालं. काशीला बरोबर घेऊन ती डीलरांकडे फिरली. वाशी, ठाणे, कल्याण, पनवेल. काहींनी गिऱ्हाइकांचे पत्ते दिले, काहींनी दुकानाबाहेर काढलं. लोकांच्या दारात जाऊन सांगायचं, तुमच्या घरातली पेटी बघायचीय. काहींना ती चोर वाटायची, काहींना विमा विकणारी. ज्यांनी आत घेतलं त्यांच्यासमोर ती टेस्टर पट्टीला लावायची. कधी दिवा लागायचा नाही. कधी लागायचा, आणि घरातली सगळी माणसं गप्प होऊन त्या इवल्या तांबड्या उजेडाकडे बघत राहायची. याच पट्टीवरची धूळ आपण रोज पुसतो, असं एक बाई म्हणाली आणि मटकन खाली बसली.

जुईनगरच्या बाजारात तिनं दुरुस्तीचा गाळा भाड्यानं घेतला. जुने ॲम्प्लिफायर हौसेनं सांभाळणारे लोक लांबून येऊ लागले. राजहंस आला की त्याचा ट्रान्सफॉर्मर ती फुकट बदलायची आणि कागदावरचा नंबर खोडायची. कारखाना पंच्याण्णवला बंद पडला. मानसिंगराव गावी गेले. शहाण्णवपर्यंत तिनं एकशे एकसष्ट नंबर खोडले होते. उरलेले सत्तावन्न कुठल्या तरी घरांत चालू होते. अंकुश म्हणायचा, टेन्शन घेऊ नको, एव्हाना भंगारात गेले असतील. ती कागदाची घडी करून पिशवीत ठेवायची.

त्याच वर्षी दिवाळीनंतर विश्वजित मोहिते नावाचा तरुण गाळ्यावर आला. वाशीत एका ऑफिसात कारकून. पिशवीतून राजहंस काढून त्यानं टेबलावर ठेवला.

"विकायचाय. चालू आहे की नाही ठाऊक नाही. वर्षभर लावलाच नाही."

"का?"

"आईचा होता. आई गेली. मग कोणाला लावावासा वाटला नाही."

सुनीतीनं स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "कशानं गेल्या?"

"हार्टॲटॅक. सकाळी लादी पुसत होती. अभंग लावते म्हणाली आणि ह्याच्यासमोरच पडली. त्रेपन्न वर्षांची होती. कधी साधी गोळी घेतली नव्हती."

तिनं पेटी मागे वळवून नंबर पाहिला; तो तिच्या कागदावरचाच होता. मग प्लग लावला, खटका दाबला आणि टेस्टर पट्टीला टेकवला. दिवा पेटला.

त्याच वेळी प्लग काढून, काही न सांगता पेटी विकत घेता आली असती. आई आजारानं गेली असं मानून तो मुलगा घरी गेला असता, आणि कदाचित सुखानं राहिला असता.

"तुमच्या आईचं नाव काय?"

"वेणूबाई."

"बसा," ती म्हणाली. "त्या हार्टॲटॅकनं गेल्या नसाव्यात. ही पेटी वाईट आहे हे मला माहीत होतं. तरी ती माझ्या टेबलावरून गेली."

तिनं सगळं सांगितलं. कागदाचे थर, तिसरी तार, जेवणाची सुट्टी. काही गाळलं नाही. विश्वजित ऐकत होता. मध्येच उठून बाहेर रस्त्यावर जाऊन उभा राहिला. सुनीतीला वाटलं आता हा परत येईल आणि काहीतरी फेकून मारेल. बऱ्याच वेळानं तो आला. डोळे लाल होते.

"अशा अजून किती आहेत?"

"छप्पन्न."

"त्यांना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी दोघं चौकीत गेली. सुनीतीनं जबाबात आपलं पूर्ण नाव लिहिलं. फौजदारानं विचारलं, "बाई, ह्यात तुम्ही पण अडकाल, कळतंय ना?" ती हो म्हणाली. मानसिंगरावांना तिनं पत्र घातलं. महिनाभर उत्तर नाही. मग एक दिवस ते स्वतः एसटीनं आले, हातात काठी, आणि चौकीच्या बाकावर बसून त्यांनीही जबाब दिला. शेठ परदेशी गेले होते. खटला उभा राहील की नाही, कोणी सांगू शकत नव्हतं.

विश्वजितनं आपल्या खर्चानं पेपरात नोटीस दिली: राजहंस ॲम्प्लिफायर कोणी वापरू नये, खालील नंबरवर कळवावे. खाली गाळ्याशेजारच्या हौसेरावांच्या पीसीओचा नंबर. नोटीस छापून आली त्या सकाळी साडेनऊला हौसेराव ओरडले, "ताई, तुमचा फोन!"

कल्याणहून एक बाई बोलत होती. मागे गाणं चालू होतं, लहान मुलांचा गलका होता.

"पेपरात वाचलं. आमच्याकडं तोच आहे. चालूच आहे आत्ता. जाऊन बंद करू का?"

"पेटीला हात लावू नका," सुनीती म्हणाली. "मुलांना लांब करा. आधी हात पुसा. पायांत चप्पल घाला. मग भिंतीवरचं बटण बंद करा. फक्त भिंतीवरचं."

रिसीव्हर खाली ठेवल्याचा आवाज आला. गाणं चालूच राहिलं. सुनीती कान दाबून उभी होती. हौसेराव तिच्याकडे बघत होते. पलीकडे कोणीतरी मुलांना हाका मारत होतं. मग गाणं तुटलं.

बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही.

"केलं बंद," बाई म्हणाली.

"पत्ता सांगा," सुनीती म्हणाली. "मी येते."