नसलेल्या भावाचा कॉम्प्युटर

मी सव्वीस वर्षांची होते, अमरावतीच्या एका कॉलेजात कंत्राटी शिक्षिका होते आणि मला कॉम्प्युटरवर गेम खेळायला आवडायचं. पहिल्या दोन गोष्टी आई कुणालाही सांगायची. तिसरी घराबाहेर जाऊ नये, असं तिचं म्हणणं होतं. स्थळं बघणं चालू होतं.

शिकवण्यांच्या पैशांतून मला मोठे गेम न अडखळता चालतील असा कॉम्प्युटर जोडून घ्यायचा होता. एकेक भाग निवडताना मी स्वतःला विचारायचे, यानं खेळताना फरक पडेल का? ग्राफिक्स कार्डानं पडणार होता, म्हणून तिथे हात सैल सोडला. प्रोसेसर एक पायरी खालचा चालणार होता. मदरबोर्डवरच्या निम्म्या सोयी मी कधी वापरणार नव्हते, तेव्हा मधला ठरवला. अमरावतीचा दुकानदार निळ्या दिव्यांचं कॅबिनेट गळ्यात मारत होता. मला साधा पत्र्याचा डबा हवा होता, फक्त जादा पंखे बसायला हवेत. आमच्याकडच्या मे महिन्यात माणसं तापतात, तिथे कार्डाचं काय? वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसमध्ये मात्र काटकसर करायची नाही, कारण तो बिघडला तर सगळंच जाळतो. वर दणकट यूपीएस. ती भारनियमनाची वर्षं होती. लाइट वेळापत्रकाप्रमाणे जायची आणि वेळापत्रक सोडूनही जायची.

अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापलीकडे, एक दुकानदार नको ते विकत नाही असं सहकाऱ्यानं सांगितलं. मावशी अकोल्यातच राहायची, म्हणून आईही निघाली. एसटीत तिनं वर्तमानपत्र उघडलं. आतल्या पानावर, त्या काळी जवळजवळ रोज असायची तशी, कुठल्या तरी गावातल्या शेतकऱ्याची बातमी होती. तिनं पेपर मिटला.

"लोकांच्या घरात हे चाललंय आणि आपण खेळण्यावर एवढा खर्च करायचा? कोणत्या तोंडानं सांगू मी?"

खिडकीबाहेर कपाशी गुडघ्याएवढीच राहिली होती. मला लाज वाटत होती आणि कार्डही हवं होतं.

दुकानात आधी कापडाचा धंदा असावा; साड्यांच्या काचेच्या कपाटांत आता कीबोर्ड होते. मालक पन्नाशीचे, दाढी पांढरी. बाकावर मावशीच्या शेजारीणबाई प्रिंटर घ्यायला आलेल्या. मी काय काय हवं ते सांगितल्यावर मालक म्हणाले, "एवढं भारी कार्ड काहून पाह्यजे, बेटा? कोन खेळते घरी?"

मी तोंड उघडण्याआधी आई बोलली. "मुलासाठी हवंय. माझ्या."

"मंग त्याले घेऊन या ना भाभी. आपल्या पसंतीनं घेईन तो."

"त्याला उठता येत नाही हो. अपघात झाला."

मी आईकडे पाहिलं. मला भाऊ नाही. मी एकुलती एक. शेजारीणबाई नेमक्या तेवढ्यात फोनवर बोलायला दाराबाहेर गेल्या होत्या, म्हणून ते खपलं. आईचं तोंड लाल झालं होतं, पण एकदा सुटलेला शब्द तिला मागे घेता येईना. आणि मी? मी काउंटरवरच्या वायरी निरखत राहिले.

मालकांचा आवाजच बदलला. "माह्या पुतण्याचं बी असंच झालं. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाले होता. गठाणींवरून पडला. उजवा हात अन् दोनी पाय गेले कामातून." त्यांनी बिलाचं पुस्तक बाजूला सारलं. "तुमच्याकून मी फायदा नाही घेत. मले जेवढ्यात पडते, तेवढ्यात नेजा. अन् जोडून द्याले मीच येतो अमरावतीले."

"कशाला त्रास?" आई पुटपुटली.

"त्रास कायचा?"

मी त्यांच्या खरेदीभावाचे पैसे मोजून दिले आणि घरचा पत्ता लिहून दिला.

रविवारी ते खरंच आले. रिक्षातून खोकी उतरवली, वर कापडात बांधलेला एक डबा. आई स्वयंपाकघरात, मी आतल्या खोलीत टेबल पुसत होते. दार बाबांनी उघडलं. बाबा वकील, त्यांना आम्ही काहीच सांगितलं नव्हतं.

"बेटा कुठी आहे? त्याच्यासाठी घरून नानखटाई आनली."

"कोणता बेटा?" बाबा म्हणाले. "आम्हाला एकच मुलगी आहे."

मी बाहेर आले. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग टेबलाकडे. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते खाली बसले आणि खोकी फोडायला लागले.

सगळं जोडेपर्यंत ते कामापुरतंच बोलले. स्क्रू दे. वायर धर. पडदा उजळला तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "म्हंजे खेळनारी तूच."

"हो."

"मंग तसं सांगाचं ना. म्या काय हसलो असतो?"

मी बाजारभावाप्रमाणे होणारे वरचे पैसे पुढे केले. वाटलं होतं, नको म्हणतील. त्यांनी ते घेतले, खिशात ठेवले. आई डबा घेऊन बाहेर आली, परत द्यायला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ठेवा," ते म्हणाले. "बायकोनं पोरासाठी केली. वापस नेली तं तिले काय सांगू मी?"

चहा न घेता ते निघाले. दारात चपला घालताना मात्र थांबले. "एका हातानं खेळता येईन, असं काही रायते का त्याच्यात?"

पुढच्या आठवड्यात मी अकोल्याला एकटी गेले. पुतण्या तिशीचा, दाढी वाढलेली, खाटेवर तीन उशांना टेकून बसलेला. दुकानातला एक जुना कॉम्प्युटर त्याच्या बाजूला आणून ठेवला होता. नुसत्या माउसनं चालतील असे गेम मी शोधून नेले होते. डाव्या हातानं त्यानं थोडा वेळ खेळून पाहिलं, मग माउस बाजूला केला.

"कंटाळवानं आहे," तो म्हणाला. "तुमाले याच्यात काय मजा येते?"

मी सांगायचा प्रयत्न केला. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, पुढच्या खेपेला क्रिकेटच्या जुन्या मॅचेस आणता येतील का. मी हो म्हणाले आणि नेल्याही. तो त्या पाहायचा, माझ्याशी फारसं बोलायचा नाही. त्याच्या काकी, म्हणजे मालकांच्या पत्नी, चहा द्यायच्या आणि दर वेळी विचारायच्या, "तुझा भाऊ कसा आहे आता?"

मालक दारात उभे असायचे. घरी त्यांनी खरं सांगितलंच नव्हतं. मी म्हणायचे, "बरा आहे."