मोहिनीची पायरी

भर उन्हाळ्यात डोंगर चढणाऱ्या माणसाला आमच्या ऑफिसात वेडा म्हणत. मी नाशिकच्या टेलिफोन खात्यात कारकून, आणि १९९४ पासून मे महिन्यातले रविवार डोंगरावर घालवायचे हा माझा हट्ट. त्याचा मला गर्वही होता. पेठ रस्त्यावरून आत असलेला घोडमाथा माझा सर्वांत लाडका, आणि तो नवसाबाईमुळे.

पहिल्या वेळी मी अर्ध्या चढावर धापा टाकत बसलो होतो. तेवढ्यात एक बाई डोक्यावर रिकामा हंडा घेऊन, अनवाणी, माझ्या शेजारून वर निघून गेली. पाण्यासाठी माणसं डोंगर उतरतात एवढंच मला ठाऊक. ही चढत होती. मागोमाग गेलो, तर माथ्यावर कातळात खोदलेलं टाकं होतं आणि त्यात उतरत गेलेल्या अकरा पायऱ्या. खाली सोंडेवर तिचा आठ घरांचा पाडा. पाड्याची विहीर होळीला आटायची, मग पावसापर्यंत पिण्याचं पाणी या टाक्यातलंच. तिनं माझ्या ओंजळीत तांब्यानं पाणी ओतलं आणि म्हणाली, "सावकाश पी भाऊ. ठसका लागंल."

तिथून पुढं नऊ उन्हाळे मी तिच्याकडे जात राहिलो. माझं नाव तिनं कधी विचारलं नाही, मी तिचा 'टेलिफोनवाला भाऊ'. ती पंधराव्या वर्षी सुरगाण्याकडून लग्न होऊन इथं आली. तिचा नवरा भिका भात झोडून झालं की द्राक्षाच्या मळ्यात कामाला जायचा आणि मे लागता परत यायचा. ती मात्र टाक्यापाशी. घरात खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, पण त्यातलं ती फक्त देवाचं चित्र पाहायची. दिवस मोजायची ते पायऱ्यांवर. एक पायरी उघडी पडली की पंधरवडा गेला. सातवी उघडी पडायच्या आत पाऊस आला पाहिजे, कारण तिच्याखाली नुसता गाळ. एकदा भिकानं टाक्यात पाय धुतले, तर तिनं त्याला दोन दिवस जेवायला वाढलं नाही. हे भिकाच हसत सांगायचा. ती हसायची नाही.

२००३ च्या एप्रिलमध्ये गेलो तेव्हा ती खुशीत होती. मोहिनीचं, तिच्या एकुलत्या एक मुलीचं, लग्न ठरलं होतं. अठरा मे, रविवार, आणि लग्न पाड्यावर, मुलीच्या दारातच. टाक्याशी बसून तिनं मला बोट दाखवून सांगितलं, "ही पाचवी पायरी मोहिनीची हाय. कोनी हात लावायचा नाय."

आठही घरांनी होळीपासून रोजच्या तीन हंड्यांचे दोन केले होते. लग्नाच्या दिवशी दीडशे माणसांना पाणी पुरावं म्हणून सगळा पाडा तहान मारून पायरीभर पाणी राखत होता. मी "वा" म्हणालो. मला ती एक गोड रीत वाटली, त्यापलीकडे माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मला दिसलं ते एवढंच, की एप्रिल सरत आला तरी टाक्यात भरपूर पाणी आहे.

घरी येऊन मी लेख लिहिला. एका वर्तमानपत्रानं चार मेच्या रविवार पुरवणीत तो फोटोसकट छापला. बसमधून कुठं उतरायचं, कोणत्या सोंडेनं चढायचं, सगळं बैजवार. ऑफिसात मी पेढे वाटले, आता सांगायलाही लाज वाटते.

अकरा मेला लेखाचं कात्रण नवसाबाईला द्यावं म्हणून निघालो. पायथ्याला सहा जीपगाड्या उभ्या होत्या. मला बरं वाटलं. चढताना शांपूच्या रिकाम्या पुड्या दिसल्या, तरी मला उमगलं नाही. माथ्यावर पोहोचलो.

चाळीस-पन्नास माणसं होती. कुणी टाक्याच्या काठावर बसून बादल्यांनी अंगावर पाणी ओतत होतं, तिघे आत उतरून डुंबत होते. पाण्यावर फेस होता. खडकावर टॉवेल वाळत होते आणि सगळे अगदी खुशीत होते, वाईट असं त्यांच्यात कुणीच नव्हतं. काठाला पाड्यावरची म्हातारी भागीबाई हात जोडून काहीतरी सांगत होती. एक जण तिला बिस्किटाचा पुडा देऊ करत होता.

नवसाबाई जरा लांब, हंडा पालथा घालून त्यावर बसली होती. तिची नजर पाचव्या पायरीवर होती. ती पायरी उघडी पडली होती.

मी ओरडलो, माणसांना बाहेर काढलं. एक पोरगा चिडून म्हणाला, "काका, पेपरात आलंय. वाचा." आणि त्यानं माझाच लेख माझ्या हातात दिला.

नवसाबाई उठून जवळ आली. "कोनी लिवलं हाय?"

खोटं बोलता आलं असतं. तिला वाचता येत नव्हतं. पण तोंडातून खरं तेच निघालं. "मी लिहिलं, नवसाबाई."

तिला कळलंच नाही असं वाटलं. मग म्हणाली, "वाच."

मी वाचलं. ओल्या अंगांची ती सगळी माणसं ऐकत उभी होती. "ऐन मे महिन्यातही घोडमाथ्याच्या टाक्यात गळ्याइतकं थंडगार पाणी असतं. भटक्यांनी या अमृताचा आनंद जरूर घ्यावा." असं बरंच काही. ती शेवटपर्यंत थांबली.

"यात मोहिनीचं नाव कुठं हाय?"

"नाही."

"मी तुला सांगितलं व्हतं," ती म्हणाली. आवाज जराही चढला नव्हता. तिनं शिवी दिली असती तर मी सुटलो असतो.

पुढच्या रविवारी मी मोहिनीसाठी साडी घेऊन गेलो. तोंड दाखवायची हिंमत नव्हती, पण न जाणं त्याहून वाईट वाटत होतं. पाड्यावर ना मांडव ना माणूस. भागीबाई तेवढी ओट्यावर होती. तिनं सांगितलं, पाणी नाही म्हणून लग्न नवऱ्या मुलाच्या गावाला नेलं, पाडा पहाटेच गेला.

"आणि नवसाबाई?"

तिनं वर डोंगराकडे हात केला.

नवसाबाई टाक्याच्या तोंडाशी बसली होती, नवं लुगडं नेसून, हातात काठी घेऊन. ती इथं का, ते तिनंच सांगितलं. पाड्यानं बसून ठरवलं होतं, रविवारी टाक्याची राखण करायची, आणि ज्या घरानं टेलिफोनवाल्याला पाणी पाजलं त्याच घरानं करायची. भिका कन्यादानाला हवा. मग राहिली ती.

"तुम्ही जा," मी म्हणालो. "अजून वेळ आहे. मी बसतो इथं, कुणाला हात लावू देणार नाही."

तिनं मान हलवली. "तू बसला तर पाडा काय म्हनंल? टाकं परत त्याच्याच हाती दिलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तर ते पुसायचीही लाज वाटली. बारा वाजून गेले. तिनं घड्याळ विचारलं नाही, आपल्या पायाशी आलेली सावली पाहिली आणि उठून कड्याच्या टोकाला गेली. खाली उन्हात दरी पसरलेली होती, आणि पलीकडच्या उतारावर पाच-पंचवीस छपरं. तेच मोहिनीचं सासर. एवढ्या लांबून माणूस दिसणं शक्यच नव्हतं.

तिनं पदराची गाठ सोडली. आत हळद लावलेले तांदूळ होते. निम्मे तिनं माझ्या हातावर ठेवले.

"लागलं आसंल आता," ती म्हणाली. "टाक."

आम्ही दोघांनी दरीत अक्षता टाकल्या. वारा खालून वर येत होता, बऱ्याचशा उलट आमच्याच अंगावर आल्या. तिनं त्या झटकल्या नाहीत. तेवढ्यात खालच्या वाटेनं पोरांच्या हसण्याचा आवाज आला, तशी ती वळली, काठी उचलली आणि टाक्याच्या तोंडाशी जाऊन बसली.