उपरण्याबाहेरचा सौदा

माझ्या लग्नाच्या पैशांतून मी गाडी घेतली, हे आमच्या नात्यात अजून कुणाच्या पचनी पडलेलं नाही. तीही साधीसुधी गाडी नव्हे. विलायती, दोन दाराची, लांबलचक नाकाची, मागच्या बाजूला एखादा माणूस कसाबसा अवघडून बसेल अशी. हैदराबादच्या कुण्या नवाबानं दूरदूरचे प्रवास झोकात करायला मागवलेली. नवाबी सरली तशी ती उदगीरच्या एका तेलगिरणीच्या मालकांकडं आली. त्यांना सगळं गाव अप्पा म्हणायचं. 'एवढ्यात दहा तोळे सोनं झालं असतं,' म्हणून हळहळणाऱ्या मावशीला मी सांगितलं, सोन्यात बसून निलंग्याला जाता येत नाही. तेव्हापासून मावशी माझ्याशी मोजकंच बोलते आणि माझं काही अडलेलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, देवणीच्या जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाच्या तोंडात हात घालून दात बघायचे आणि वय सांगायचे, ते कधी चुकलं नाही. 'शिंगं रंगवलेली असली की खूर बघायचा' आणि 'उभा बैल घ्यायचा न्हाई, बसलेला उठवून घ्यायचा' हे त्यांचे दोन नियम आम्हा भावंडांना अभ्यासाच्या पाढ्यांआधी पाठ झाले होते. पाय अधू असलेला बैल उठताना उघडा पडतो, म्हणून विकणारा त्याला गिऱ्हाईक यायच्या आत उठवून ठेवतो.

बाजारात भाव तोंडानं बोलत नसत. दलाल आणि विकणारा एकमेकांचा हात धरायचे, वर उपरणं टाकायचे आणि खाली बोटं बोलायची. आधी हळूच 'शेकड्यात' किंवा 'हजारात' एवढं सांगायचं. मग एक बोट दाबलं की एक, दोन दाबली की दोन, सगळा पंजा दाबला की पाच. शेजारी उभ्या माणसालाही आकडा कळायचा नाही. अण्णांनी मला तो खेळ म्हणून शिकवला होता. बाजारात मात्र बाईमाणसानं उपरण्याखाली हात घालायची पद्धत नव्हती. त्यामुळे मला भाषा येत होती, पण ती बोलायची मुभा नव्हती.

अप्पांना बैलांचा शौक होता. ते याच गाडीतून देवणीच्या बाजाराला यायचे. गाडी लिंबाखाली उभी राहिली की मी बैल बघायचं सोडून तिच्याभोवती फिरायची.

बहात्तरच्या दुष्काळात मी पंधरा वर्षांची होते. त्या साली गाडी बाजारात आली नाही, माणसं आणि जनावरं मात्र रीघ लावून आली. निलंग्याकडचा एक माणूस वानेरा जोडी घेऊन आला होता. वानेरा म्हणजे पांढऱ्याशुभ्र अंगाचा आणि गालावर काळा पट्टा असलेला देवणी बैल. त्या माणसाकडं दावणीला घालायला चारा उरला नव्हता. अण्णांनी उपरणं टाकलं. खाली काय झालं ते मला दिसलं नाही, पण त्या माणसाचा चेहरा उपरण्याबाहेर होता. तो मला दिसला. घरी आल्यावर अण्णा खुशीत आईला म्हणाले, 'चारशेला आली.' ती जोडी त्यांनी पाऊस पडल्यावर विकली आणि आलेल्या पैशाचं पोस्टात माझ्या लग्नासाठी खातं उघडलं. दर वर्षी ते त्यात भर घालत गेले. माझ्या लग्नाची रक्कम अशी जमली, आणि मला त्या पासबुकाची लाज वाटायची. हे मी कधी बोलले नाही, कारण बोलायला धीर लागतो आणि तो यायला मला तेरा वर्षं लागली.

लातूरचा नवा जिल्हा झाला, तेव्हा मला तिथल्या एका सरकारी कचेरीत टंकलेखिकेची नोकरी लागली. कचेरीला इमारत अपुरी होती, कपाटं कमी होती, पण जीप नवी होती. तिच्या चालकांनी मला मागच्या मोकळ्या जागेत गाडी शिकवली. मला बघायला येणारे मात्र 'नोकरी सोडणार का' एवढंच विचारायचे आणि मी 'नाही' म्हणायची. असं करत मी अठ्ठावीस वर्षांची झाले. शेवटी अण्णांनी वैतागून पासबुक माझ्यापुढं टाकलं. 'तुझं तू बघ,' म्हणाले. मी बघितलं.

त्या वर्षी पावसानं पुन्हा पाठ फिरवली होती. करडई नाही, भुईमूग नाही, त्यामुळे अप्पांची गिरणी बंद पडली आणि गाडी विकायची आहे असा निरोप अण्णांच्या कानावर आला. त्यांनी तो मला गंमत म्हणून सांगितला. मी रविवारी त्यांना घेऊन उदगीरला गेले.

अप्पा गिरणीच्या आवारात वाट बघत होते. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात स्वच्छ धोतर-सदरा. गाडी पुसून लखलखीत केलेली. मी आधी बॉनेटवर हात ठेवला. चांगलं तापलेलं होतं.

"गाडी कुठं फिरवून आणली का, अप्पा?"

"न्हाई अक्का. धा दिवस झाले, जागची हालली न्हाई."

"मग मी बसते. गार झाली की बघू."

अण्णा दुसरीकडं बघायला लागले. बैल आधीच उठवून ठेवलेला होता, हे त्यांना माझ्याआधी कळलं असणार. मी दोन तास तिथल्या बाकड्यावर बसले. पाणी टँकरचं होतं, तरी अप्पांनी दोनदा चहा दिला; माणूस वाईट नव्हता. गार झालेली गाडी नवव्या वेळी सुरू झाली आणि आवारभर निळा धूर करून मोकळी झाली. मग मी पर्समधून लोहचुंबक काढला, तसे आवारात बसलेले गिरणीचे हमाल हसायला लागले. जुन्या रेडिओच्या स्पीकरमधून तो मी मुद्दाम काढून आणला होता. दोन्ही दारांच्या खालच्या बाजूला तो चिकटेना. तिथं पत्रा सडला होता आणि लांबी, म्हणजे रंगाऱ्याचा मसाला, भरून वर रंग मारला होता.

पण जे चांगलं तेही मी सांगितलं. कागदावरचा आणि इंजिनवरचा नंबर एकच होता. असल्या गाड्यांत तेव्हा लोक सर्रास दुसऱ्याच गाडीचं इंजिन बसवायचे. हिच्यात नवाबाच्या वेळचंच होतं. डिकीत गोणपाटाखाली हत्यारांची मूळची पेटी निघाली, एकही पाना कमी नाही. अप्पांना ती तिथं आहे हेच ठाऊक नव्हतं. मी गप्प बसले असते तर पेटी गाडीबरोबर फुकट आली असती.

हैदराबादला अशी एक चालती गाडी तीस हजाराला गेल्याचं जीपच्या चालकांनी चौकशी करून सांगितलं होतं. त्यातून पत्र्याचे चार, इंजिन आणि गिअरच्या कामाचे तीन आणि टायरांचे दोन मी वजा केले. मूळ इंजिन आणि पेटी, म्हणून एक परत घातला. बावीस.

मी आकडा सांगायच्या आत अप्पांनी अण्णांपुढं हात केला. अण्णांनीही सवयीनं खांद्यावरचं उपरणं त्यावर टाकलं. माझे पैसे, माझी गाडी, दोन तास बाकड्यावर बसलेली मी, आणि सौदा चालला होता त्या दोघांच्या बोटांत. मला असा संताप आला की मी पुढं होऊन उपरणं उचललं. दोघांचे हात उघड्यावर आले. हमाल हसायचे थांबले.

"सौदा माझा आहे," मी म्हणाले. "माझ्याशी बोला, आणि तोंडानं बोला."

"अक्का, असं करत न्हाईत."

"मी करते. बावीस हजार. का ते सगळं तुमच्यासमोर तपासलंय."

"पस्तीसच्या खाली जमायचं न्हाई," अप्पा म्हणाले. त्यांचे कान लाल झाले होते. आम्ही एस.टी.नं परत आलो. वाटेत अण्णा एकच वाक्य बोलले, "माझं नाक कापलंस तू."

महिना गेला. पाऊस आलाच नाही. मग अप्पांचा माणूस देवणीला आला: पंधराला घेऊन जा. अण्णांनी लातूरला येऊन मला हे सांगितलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत जुनी चमक होती. "थांबलीस ते बेस केलंस. अजून पंधरवडा काढ, बाराला येतीय."

"बावीसलाच घेणार," मी म्हणाले.

"येडी हाय का तू? त्यो सोताच्या तोंडानं पंधरा म्हणायलाय."

"गाडी महिन्यापूर्वी बावीसची होती. महिन्यात तिचं काय झिजलं? पाऊस पडला नाही, त्यात गाडीचा काय दोष?"

"भाव गरजेचा असतो, पोरी. बाजार असाच चालतोय."

"ठाऊक आहे. वानेरा जोडी चारशेला कशी आली ते मी बघितलंय. हा पैसा त्या माणसाच्या गरजेतून आलाय, अण्णा. तो पुन्हा कुणाच्या गरजेवर लावायचा नाही मला."

तेरा वर्षं गिळलेलं वाक्य बोलून झालं. अण्णा उठून बाहेर गेले. संध्याकाळची एस.टी. पकडून गावी गेले असतील असं मला वाटलं, पण सकाळी ते बस स्टँडवर उदगीरच्या गाडीपाशी उभे होते.

अप्पांनी बावीस हजार मोजून घेतले आणि दोनदा माझ्याकडं बघितलं. यात काही डाव आहे का, हे त्यांना कळत नव्हतं. "अक्का, मी पंधरा म्हणलो होतो," ते म्हणाले. मी म्हटलं, "गाडी नाही म्हणाली." मग त्यांनी किल्ली अण्णांकडं न देता माझ्या हातात दिली.

आम्ही देवणीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंची रानं उघडी पडली होती, एका विहिरीवर घागरींची रांग लागली होती. गाडी तिसऱ्या गिअरमध्ये कुरकुरत होती, त्याचे पैसे मी आधीच वजा केलेले होते. अण्णा शेजारी ताठ बसले होते, कुणाच्या तरी घरी पहिल्यांदा आल्यासारखे. बऱ्याच वेळानं त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि गिअरवरच्या माझ्या हातावर टाकलं. खाली त्यांचा हात आला.

"शेकड्यात," ते पुटपुटले.

पंजा दाबला. पुन्हा पंजा. पुन्हा एकदा. मग दोन बोटं.

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि थांबवली. मी उपरणं बाजूला केलं, घडी घालून त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"मोठ्यानं सांगा, अण्णा."

ते समोरच्या काचेतून बघत राहिले. रस्त्यानं एक माणूस रिकामी घागर घेऊन चालला होता. अण्णांनी त्याला अगदी खिडकीपाशी येऊ दिलं, आणि मगच बोलले.

"सतराशे," ते म्हणाले. "सतराशेची व्हती ती जोडी."