डाव्या मनगटाची नाडी

१९७१ साली मी सैन्याच्या फील्ड अँब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीजवळच्या फिरत्या दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट होतो, हुद्दा नाईक. ड्रेसिंग, इंजेक्शन, स्ट्रेचर, पुन्हा ड्रेसिंग, असं काम. हाताला मार लागला की रक्तवाहिनी तुटली का, हे कसं ओळखायचं ते आमच्या सर्जन मेजरनी शिकवलं होतं. नाडी, रंग, ऊब. आणि प्रत्येक गोष्ट दुसऱ्या हाताशी ताडून.

मे महिन्यात रजेवर गावी, चौकला आलो. शेजारचा दत्ता आमच्याच ब्रिगेडमधल्या एका पलटणीत शिपाई. त्या दिवशी त्याची हळद होती. हळद लागलेल्या नवऱ्यानं कोयता धरू नये म्हणतात. मांडवाला केळीचे खुंट कमी पडले, म्हणून हा उठला. कोयता निसटून डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला बसला. मी पोचलो तेव्हा कोपराखाली सुतळी करकचून बांधलेली, पंजा गार.

जखम दाबून धरली आणि सुतळी कापायला लावली. अंगठ्याकडची धमनी तुटली होती. करंगळीकडची एकटी पंजाला पुरते का, एवढाच प्रश्न होता. पुरत नसेल तर पंजा जाणार. नखाचा रंग बघायचा, तर नखं पिवळीधमक.

"रॉकेल आणा. दोन नखं पुसतो."

"हलद पुसू नको रं," त्याची आई म्हणाली. "अपशकुन हाय."

"काकी, फक्त दोन अंगठ्यांची."

"पुस, दादा," दत्ता म्हणाला. "बाकीच्या आठांवर लगीन लागंल."

काकीनं त्याला शिवी घातली आणि स्वतःच रॉकेल आणलं.

डावं नख दाबून सोडलं. पांढरं झालं, मग गुलाबी. उजव्याइतक्याच वेळात. करंगळीकडची धमनी काम करत होती.

टेंपोनं पनवेलला नेलं. डॉक्टरांनी तुटलेली धमनी बांधून टाकली. पंजा शाबूत राहिला, लग्नही झालं. डाव्या मनगटाला नाडी मात्र पुन्हा लागली नाही. पकड तपासून आर्मीनं त्याला फिट ठरवलं.

डिसेंबरात लढाई लागली. आमचं ड्रेसिंग स्टेशन एका पंपहाऊसमध्ये होतं. सकाळी वायरलेसवर निरोप आला.

"चार कॅज्युअल्टी येतायत. ओव्हर."

"रॉजर. आउट."

तिसऱ्या स्ट्रेचरवर दत्ता होता. आमच्या डॉक्टर कॅप्टननी त्याचं डावं मनगट धरलं आणि नकारार्थी मान हलवली.

"सर, त्या हाताला नाडी नसतेच. उजवा बघा."

त्यांनी उजवा हात धरला. मग गळा तपासला. तोवर मी डाव्या अंगठ्याचं नख दाबून सोडलं.

पांढरंच राहिलं.

कॅप्टन चौथ्या स्ट्रेचरकडे वळले. मीही वळलो.

शिपाई दत्ता, राहणार चौक, तालुका खालापूर.